एका घराचे तीन नकाशे : क्वीन्समधील एका कोलंबियन कुटुंबाचे प्रकरण

२०२२ सालच्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक शाळेत आठवीच्या वर्गाला एक गृहपाठ मिळाला. आपले कुटुंब ज्या घरातून या देशात आले, त्या घराचा नकाशा वडीलधाऱ्या माणसांना विचारून काढायचा आणि त्याखाली पानभर माहिती लिहायची, असे त्याचे स्वरूप होते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाने हे काम आजीला विचारून सुरू केले, आईला विचारून पुढे नेले आणि कोलंबियाची राजधानी बोगोता येथे राहणाऱ्या मामाला व्हिडिओ कॉल लावून पुरे करायला घेतले, तेव्हा त्याच्या हातात एकाऐवजी तीन नकाशे आले. तिघांनीही ‘आपले घर’ एवढाच शब्द वापरला होता आणि आपण सांगतो तेच घर त्याला हवे असणार याविषयी तिघांच्याही मनात शंका नव्हती. मुलाची अडचण साधी होती, कारण शाळेत एकच कागद द्यायचा होता. ती सोडवण्याच्या निमित्ताने त्या स्वयंपाकघरात पुढे सहा आठवडे जे बोलणे झाले, त्याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहिली आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत.

या स्वयंपाकघरात माझा प्रवेश झाला तो गुळामुळे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स या विभागातल्या जॅक्सन हाइट्स या वस्तीत चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर भारतीय किराणा दुकानांची रांग आहे आणि तेथून थोडे पूर्वेला, सात क्रमांकाच्या उन्नत रेल्वेच्या खालून जाणाऱ्या रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, कोलंबियन बेकऱ्या आणि खाणावळी सुरू होतात. कोलंबियन लोक या भागात १९६० नंतर मोठ्या संख्येने येऊ लागले आणि बोगोताच्या चापिनेरो या भागावरून त्यांनी या वस्तीला लाडाने ‘चापिनेरितो’ म्हणायला सुरुवात केली. एकदा लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या गुळाच्या ढेपेकडे बोट दाखवून खालच्या मजल्यावरच्या आजींनी ठामपणे ‘पानेला’ असे म्हटले, आणि मी तितक्याच ठामपणे ‘गूळ’ म्हटले. दोघींचेही बरोबर होते. उसाचा रस आटवून केलेल्या, वर आलेला मळ काढलेल्या पण साखर वेगळी न केलेल्या या पदार्थाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि कोलंबिया दुसरा आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपल्याकडे गूळपाणी ठेवत, तसे त्यांच्याकडे घरी आलेल्या माणसाला आग्वापानेला, म्हणजे पाण्यात विरघळवून उकळलेली पानेला, देतात. फरक इतकाच की अँडीज पर्वतातल्या थंडीत ती गरम असते आणि सोबत चीजचा तुकडा असतो.

कुटुंबाची हकिगत थोडक्यात अशी आहे. आजींचा जन्म १९४४ चा, बोयाका प्रांतात सुआरेझ नदीच्या खोऱ्यातल्या, मोनिकिरा गावाच्या आसपासच्या एका वाडीतला. लग्नानंतर त्या १९६० च्या दशकात नवऱ्याबरोबर बोगोताला आल्या आणि शहराच्या नैर्ऋत्येला नव्याने वसत असलेल्या वसाहतीत त्यांनी घर बांधले. ही वसाहत अमेरिकी साहाय्याच्या योजनेतून जुन्या तेचो विमानतळाच्या परिसरात उभी राहत होती. १९६१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी तेथे स्वतः येऊन गेले होते, आणि त्यांच्या हत्येनंतर तिला ‘सिउदाद केनेडी’ हे नाव मिळाले. मुलगी १९६८ ची, मुलगा तिच्यापाठचा. मुलगी १९९९ साली नवऱ्यासह न्यूयॉर्कला आली. आजी वैधव्यानंतर २००४ साली आल्या. नातू २००९ साली क्वीन्समध्येच जन्मला. मुलगा बोगोतातच राहिला. विमानतळावर वसलेल्या केनेडी वसाहतीतून निघून केनेडी विमानतळावर उतरलो, हा या घरातला जुना विनोद आहे आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला तो एकदा ऐकावाच लागतो.

आजींचा नकाशा

आजींना कागदावर रेघ मारण्याची सवय नसल्याने त्यांनी तोंडी सांगितले आणि नातवाने काढले. त्या नकाशात रस्ता नव्हता. घराच्या भिंती, खोल्या, दारे यांच्याविषयी विचारले असता त्यांची उत्तरे तुटक होती. मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या ‘त्रापिचे’विषयी, म्हणजे गुऱ्हाळाविषयी, त्या सलग चाळीस मिनिटे बोलल्या. खेचर चरकाभोवती कोणत्या दिशेने फिरे, रस कोणत्या पन्हळीतून पहिल्या काहिलीत पडे, चुलाणाच्या तोंडापासून काहिली कशा ओळीने मांडलेल्या असत आणि रस एका काहिलीतून दुसरीत कधी उपसायचा, हे सर्व त्यांनी हातवारे करून दाखवले. मळी वर यावी म्हणून झाडाच्या साली ठेचून त्यांचा बुळबुळीत रस काहिलीत टाकत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा कोल्हापूरकडे त्याच कामासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरतात असे मी म्हटले. यावर त्यांना जराही आश्चर्य वाटले नाही. उसाला दुसरे काय चालणार, असा त्यांचा चेहरा होता. निघालेली मळी खेचरांना घालत, आणि चुलाणाला जळण म्हणून वाळलेली चिपाडे लावत.

नातवाची त्यामुळे पंचाईत झाली. शाळेला घराचा नकाशा हवा होता आणि आजी कारखान्याचा देत होत्या. परंतु हे विषयांतर नव्हते. परदेशी गेलेल्या माणसांच्या आठवणी म्हणून जे सर्वसाधारणपणे लिहिले जाते, त्यात देखावे फार असतात: डोंगर, अंगण, सण, वाद्ये. आजींच्या आठवणीत देखावा जवळजवळ नव्हता. त्यांना कामाचा क्रम आठवत होता, आणि त्या क्रमात जेथे जेथे हात पोचत होता तेवढीच जागा त्यांच्या नकाशात उमटत होती. चार कोपऱ्यांपैकी पाणी भरण्याचा आणि आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, भाजण्याचा असे दोनच कोपरे त्यांना स्पष्ट दिसत होते.

तिसरी स्पष्ट जागा रेडिओची होती. बोयाकातल्याच सुतातेन्सा गावात १९४७ साली होसे होआकिन साल्सेदो नावाच्या तरुण धर्मगुरूने एक लहान प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्यातून खेड्यातल्या प्रौढांना लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवणाऱ्या रेडिओ-शाळांची चळवळ उभी राहिली. रेडिओ सुतातेन्सा या नावाने ती लॅटिन अमेरिकेत गाजली. शेतकऱ्यांना स्वस्तात मिळणारे, केवळ त्याच केंद्राला जुळवलेले संच एखाद्या घरी ठेवलेले असत. शेजारपाजारचे लोक तेथे जमत, आणि ज्याला थोडेफार वाचता येई असा एक जण रेडिओवरचा आवाज सांगेल ते फळ्यावर लिहून दाखवी. आजी अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांबरोबर तेथे बसत. वडील आधी ‘अ’ शिकले की आपण, यावर त्यांचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे असे त्यांच्या मुलीचे म्हणणे आहे. एवढे मात्र खरे की त्या आजही लिहिताना शब्द आधी ओठांतल्या ओठांत, रेडिओवरच्या निवेदकासारखा सुटा सुटा करून म्हणतात.

नकाशा रंगवताना नातवाने दाराला लाल रंग दिला. त्यात काही हेतू नव्हता. लाल पेन जवळ होते. आजींनी कागद पाहिला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की दार निळे होते. मुलाने सहज विचारले की पूर्वीपासूनच निळे होते का. तेव्हा त्या म्हणाल्या की नाही, निळे केले होते. या एका वाक्याचा अर्थ त्यांच्या मुलीलाही लगेच कळला नाही, कारण हे तिने यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

कोलंबियात लाल हा उदारमतवादी पक्षाचा आणि निळा हा परंपरावादी पक्षाचा रंग. ९ एप्रिल १९४८ रोजी उदारमतवादी नेते होर्हे एलिएसेर गायतान यांची बोगोतात भर रस्त्यात हत्या झाली, राजधानी पेटली आणि आधीच खेड्यापाड्यांत धुमसत असलेल्या पक्षीय वैराचे रूपांतर ज्याला तेथे नुसतेच ‘ला व्हियोलेन्सिया’, म्हणजे ‘हिंसा’, म्हणतात त्या दशकभराच्या रक्तपातात झाले. त्यात दोन लाखांच्या आसपास माणसे मेली असे मानले जाते. बोयाका प्रांतातल्या चुलाविता नावाच्या वाडीतून भरती झालेल्या परंपरावादी पोलिसांच्या टोळ्यांची दहशत इतकी होती की पुढे तशा सर्वच पोलिसांना ‘चुलाविता’ म्हणू लागले. अशा काळात दाराचा रंग ही सजावट राहत नाही. आजींच्या वडिलांनी एका रात्री चुन्यात नीळ कालवून लाल दार निळे केले. त्या तेव्हा सहा वर्षांच्या असतील. त्यांना आठवते ते एवढेच की दुसऱ्या दिवशी वडिलांची बोटे निळी होती आणि ती धुऊन जात नव्हती.

सहाव्या वर्षीची ही आठवण त्यांची स्वतःची किती आणि नंतर ऐकलेली किती, हे सांगता येणार नाही, आणि त्यांनाही ते सांगता येत नव्हते. माझ्या दृष्टीने महत्त्व वेगळ्या गोष्टीला आहे. ‘तुमच्या लहानपणी हिंसा झाली होती का’ असा प्रश्न त्यांना मुलीने आणि जावयाने पूर्वी अनेकदा विचारला होता, आणि त्याचे उत्तर दर वेळी ‘आमच्याकडे काही झाले नाही’ असेच मिळाले होते. ज्या प्रश्नाने जे उघडले नाही, ते चुकून लागलेल्या रंगाने उघडले.

आईचा नकाशा

मुलाच्या आईने स्वतः पेन्सिल घेतली. तिचा नकाशा सिउदाद केनेडीतल्या घराचा होता आणि त्यात घरापेक्षा गल्ली मोठी होती. मधोमध अंगण, अंगणात ‘आल्बेर्का’, म्हणजे पाणी साठवण्याचा सिमेंटचा हौद आणि त्याला जोडून कपडे घासण्याचा उतरता कट्टा. भिंतीवर चढवलेला कुरुबा या फळाचा वेल. आणि दार उघडले की समोर ‘तिएन्दा’. या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे तिने जे वर्णन केले ते आपल्या वाण्याच्या दुकानाला फारसे परके वाटणार नाही. अंडी सुटी मिळत, पाव लिटर तेल मिळे, आणि उधारीची वही गल्ल्याशेजारी लोंबकळत असे. त्या वहीच्या वर पाटी असायची: आज उधार नाही, उद्या आहे. ‘आज रोख, उद्या उधार’ ही आपली पाटी मी तिला सांगितली तेव्हा तिने ती नकाशाच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून मागितली, आणि शाळेत दिलेल्या कागदावर ती तशीच गेली.

दुकानदार गिऱ्हाइकाला ‘शेजारीण’ म्हणून हाक मारी आणि गिऱ्हाईक वस्तू मागताना ‘मला हे भेट द्या’ असे म्हणे. पैसे देऊन घ्यायची काळी कॉफीसुद्धा, जिला तेथे ‘तिंतो’ म्हणतात, ‘एक तिंतो भेट द्या’ असेच म्हणून मागायची, ही बोगोताची रीत. न्यूयॉर्कला आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका खाणावळीत अशी कॉफी मागितली तेव्हा गल्ल्यावरच्या मेक्सिकन बाईने, येथे फुकट काही मिळत नाही, असे तिला सुनावले. दोघीही स्पॅनिशच बोलत होत्या. आपली भाषा बोलणाऱ्यांच्याच गर्दीत आपण परके आहोत, हे तिला इंग्रजीने नव्हे, तर स्पॅनिशने शिकवले.

चार-पाचच्या सुमाराला घरात ‘ओन्सेस’ होई. हे दुपारचे खाणे म्हणजे गरम चॉकलेट आणि त्यासोबत मक्याचे पीठ आणि चीज घालून केलेला आल्मोहाबाना हा मऊ पाव. चॉकलेटची वडी उंच भांड्यात विरघळवून ‘मोलिनियो’ नावाच्या लाकडी घुसळणीने तोंडावर फेस येईपर्यंत घुसळायची. ही घुसळणी दोन्ही तळव्यांत धरून फिरवतात. तिला रवीच म्हणावे, दुसरा शब्द शोधण्याची गरज नाही. मग कपात पांढऱ्या चीजचे तुकडे सोडायचे आणि ते मऊ झाले की चमच्याने काढून खायचे. या एका पेयावरून मायलेकींमध्ये जे मतभेद आहेत ते मिटण्यातले नाहीत. आजी चॉकलेट पानेलाच्या पाण्यात करतात, कारण खेड्यात ते तसेच होई; मुलगी दुधात करते, कारण शहरात ते तसे झाले. मुलगी म्हणते की पाण्यातले चॉकलेट ही गरिबीची आठवण आहे आणि ती जपण्याचे कारण नाही. आजी म्हणतात की दुधाने फेस मरतो. मी दोन्ही प्यायले आहे, आणि फेसाच्या बाबतीत आजींचे बरोबर आहे.

रविवारी ‘अहियाको’ होई: तीन जातींचे बटाटे, कोंबडी, मक्याचे कणीस आणि ‘ग्वास्कास’ नावाचा पाला घालून केलेले दाट सूप, ज्यावर वाढताना साय आणि केपर घालतात. तीनपैकी एका जातीचा बटाटा पूर्ण विरघळून रश्श्याला दाटपणा देतो, दुसरा अर्धवट फुटतो आणि तिसरा अखंड राहतो. एकाच जातीचा बटाटा घालून केलेला तो अहियाको नव्हे. ज्या प्रदेशाने जगाला बटाटा दिला, तेथे अशी चिकित्सा असणारच. ग्वास्कास मात्र क्वीन्समध्ये वाळलेलीच मिळते. गंमत अशी की या वनस्पतीचे सख्खे भाऊबंद न्यूयॉर्कच्या कुंपणाकाठी तण म्हणून उगवतात आणि माळी ते उपटून फेकतात. आजींनी पहिल्याच उन्हाळ्यात ते ओळखले होते. पण रस्त्याकडेचे काही घरात आणायचे नाही, अशी मुलीची सक्त ताकीद आहे.

आईच्या नकाशात बसचा मार्गही होता. केनेडीतून निघून शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या त्या रेघेवर तिने पालोकेमाओचा बाजार दाखवला आणि तेथे भरपूर फुले काढली, कारण बोगोताचा मोठा फूलबाजार तेथे भरतो. मुलाने इंटरनेटवर पालोकेमाओ शोधले तेव्हा त्याला फुलांबरोबर आणखी काही सापडले. ६ डिसेंबर १९८९ रोजी सकाळी तेथील गुप्तचर खात्याच्या मुख्यालयासमोर अमली पदार्थांच्या टोळीने स्फोटकांनी भरलेले वाहन उडवले आणि पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्याने आईला विचारले की तू तेव्हा तेथे होतीस का. ती बसमध्ये होती, बाजारापासून दूर. बसच्या काचा हादरल्या, चालकाने बस थांबवली आणि सगळे उतरून पायी घरी गेले. एवढे सांगून ती दुसऱ्या दिवसाविषयी बोलू लागली.

दुसरा दिवस ७ डिसेंबर, म्हणजे ‘वेलितास’चा, मेणबत्त्यांचा. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाची ही पूर्वसंध्या. तेव्हापासून कोलंबियात नाताळचे दिवस सुरू होतात, आणि संध्याकाळी घरोघर उंबऱ्यावर, पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी लोक मेणबत्त्या लावतील की नाही, असे तिच्या वडिलांना वाटत होते. लोकांनी लावल्या. गल्लीत नेहमीसारखे गाणे नव्हते, मुलांना वितळलेल्या मेणाचे गोळे करू दिले नाहीत, आणि तिएन्दा लवकर बंद झाली. तिला त्या वर्षीच्या मेणबत्त्या आधीच्या आणि नंतरच्या सर्व वर्षांपेक्षा स्पष्ट आठवतात. नकाशात तिने गल्लीभर जे बारीक ठिपके काढले होते, ते त्या मेणबत्त्यांचे होते हे आम्हाला तेव्हा कळले. तोवर मुलाला ते खड्डे वाटत होते.

आणखी एक गोष्ट तिच्या नकाशात नव्हती. लग्नानंतर ती आणि तिचा नवरा आईवडिलांच्या घरात राहत नसत. त्यांनी शहराच्या उत्तरेकडे कर्जावर एक सदनिका घेतली होती. कोलंबियात १९७२ पासून गृहकर्जे ‘उपाक’ नावाच्या, वाढत जाणाऱ्या मूल्याच्या एककात मोजली जात. ते एकक पुढे व्याजदराला बांधले गेले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्याज भडकले तेव्हा हप्ते भरूनही मुद्दल वाढत असल्याचे हजारो कुटुंबांच्या लक्षात आले. १९९९ साली अर्थव्यवस्था चार टक्क्यांहून अधिक आकुंचन पावली. त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने ती पद्धत रद्द ठरवली, पण या जोडप्याची सदनिका तोवर गेली होती. त्यांनी देश सोडला त्याचे कारण ती सदनिका. ज्या घरातून हे कुटुंब अमेरिकेत आले ते घर खरे तर तेच, आणि गृहपाठाचा प्रश्न शब्दशः घेतला असता तर नकाशा त्याचाच काढावा लागला असता. मुलाच्या वडिलांनी हे एकदा हळूच सुचवले. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि चौथा नकाशा निघाला नाही.

मामाचा नकाशा

बोगोतातल्या मामाने कागदावर काही काढले नाही. तो फोन हातात धरून घरातून चालत गेला आणि भाच्याने पडद्यावर पाहून रेघा मारल्या. घर आता तीन मजली आहे. खालच्या मजल्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान, मधल्या मजल्यावर भाडेकरू, वर तो स्वतः. अंगण नाही. आल्बेर्का फोडून तेथे जिना केला आहे. कुरुबाच्या वेलाची भिंत भाडेकरूच्या न्हाणीघरात गेली आहे. पुढचा मजला कधीतरी चढेल या आशेने गच्चीवर स्लॅबमधून सळया वर सोडलेल्या आहेत; तशा त्या गल्लीतल्या प्रत्येक घरावर आहेत.

आईला हे ठाऊक नव्हते असे नाही. तिने ते फोटोंत पाहिले होते. इतकेच नव्हे तर पहिला स्लॅब ओतला तो तिने क्वीन्समधून, घरे साफ करण्याच्या कामातून वाचवून पाठवलेल्या डॉलरांनी. स्लॅब ओतायच्या दिवशी गल्लीतले लोक बादल्यांची साखळी करून मदतीला आले आणि संध्याकाळी सर्वांना जेवण घातले, याचा व्हिडिओ तिच्याकडे आहे आणि तो ती अभिमानाने दाखवते. तरीही नकाशा काढताना तिने अंगण काढले. भावाला ते आवडले नाही. त्याचे म्हणणे, त्याच्या शब्दांचा रोख जमेल तसा सांगायचा तर, असे होते की तुम्ही जे जपून ठेवले आहे ते मी रोज झाडतो, रंगवतो आणि त्याचा कर भरतो. घर पाहायचे असेल तर मला विचारा. त्याच्या नकाशात कोपऱ्यावरची तिएन्दा अजून आहे. उधारी आता वहीत नसून दुकानदाराच्या फोनमध्ये आहे.

स्थलांतरितांच्या पैशाने मायदेशातली घरे बदलतात हे आपल्याला कोकणातही दिसते. मुंबईच्या किंवा आखाताच्या पैशाने कौले उतरून स्लॅब पडलेली घरे तेथे गावोगाव आहेत. ज्याने पैसे पाठवले त्याच्या आठवणीत मात्र कौलेच राहतात, आणि पावसाळ्यात ती गळत होती हे सांगणारा माणूस गावात राहिलेला असतो. या प्रकरणात मामाची तक्रार मला सर्वांत न्याय्य वाटली.

‘सुमेर्से’ आणि ‘तू’

नकाशांच्या बोलण्यात एक जुनी सल मध्येच वर आली. बोयाकात आणि बोगोताच्या जुन्या घरांत समोरच्याला ‘सुमेर्से’ म्हणतात. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचे हे झिजलेले रूप आहे. पण आज त्यात दरबार उरलेला नाही, आदर आणि जिव्हाळा एकाच वेळी उरला आहे. आई लेकराला सुमेर्से म्हणते, लेकरू आईला म्हणते, भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणतो. मराठीत याला जोड नाही. आपल्या ‘तू’मध्ये जवळीक येते तेव्हा आदर गृहीत धरावा लागतो, आणि ‘तुम्ही’मध्ये आदर आला की जवळीक सिद्ध करावी लागते. क्वीन्समध्ये वाढलेला नातू मित्रांकडून आणि दूरचित्रवाणीवरून स्पॅनिश शिकला आणि आजीला ‘तू’ म्हणू लागला. आजींनी त्याला कधी टोकले नाही. मुलाखती लिहून काढताना त्याने आजीची वाक्ये जशीच्या तशी उतरवायची ठरवली, तेव्हा दर ओळीत सुमेर्से आले, आणि आपण त्याला उत्तर देताना काय म्हणतो हे त्याच्या प्रथमच लक्षात आले. आजी मला म्हणाल्या की ‘तू’ त्यांना लागते ते उद्धटपणामुळे नव्हे. त्यांच्या कानाला ते दुरून मारलेल्या हाकेसारखे वाटते. मी सांगितले की आमच्याकडे आजीला ‘तू’च म्हणतात आणि त्याहून जवळचे काही नसते. त्यांनी ते ऐकून घेतले; पटले असे वाटले नाही.

सोळा ते चोवीस डिसेंबर या नऊ रात्री कोलंबियन घरांत ‘नोवेना’ होते. प्रार्थना वाचायची, ठरावीक गीते खुळखुळे वाजवत म्हणायची, आणि मग नातिया हे घट्ट खिरीसारखे गोड आणि चीजचे तळलेले गोल बुन्युएलो खायचे. त्या वर्षी दुसऱ्या रात्रीचे वाचन नातवाकडे आले. वाचन संपल्यावर त्याने आजीकडे खुळखुळा देताना ‘घ्या, सुमेर्से’ म्हटले. उच्चार चुकला होता. सगळे हसले, त्यात आजीही होत्या, आणि तो इतका लाजला की पुढचे दोन दिवस त्याने आजीला काहीच संबोधन लावले नाही.

गृहपाठाचे पुढे असे झाले की त्याने तिन्ही नकाशे पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवले. मोजमाप कुठेच जुळत नव्हते, आणि तो जुळवतही बसला नाही. खाली त्याने लिहिलेल्या मजकुरात दाराच्या रंगाची आणि मेणबत्त्यांची हकिगत होती; सदनिकेची नव्हती. शिक्षिकेने नकाशाला दिशा दाखवणारा बाण नाही म्हणून गुण कापले. ते योग्यच होते, कारण तिन्ही घरांची उत्तर कोणती हे घरात कोणालाच सांगता आले नसते.

जानेवारीत मामा काही कामासाठी मोनिकिराला गेला होता. त्याने वाट वाकडी करून आजींच्या वाडीवर जाऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. जुने घर पडले आहे. जोते तेवढे उरले आहे. गुऱ्हाळ चालू आहे, पण ते आता दुसऱ्यांचे आहे आणि चरक डिझेल इंजिनावर फिरतो. आजींना हे दाखवावे की नाही, यावर घरात दोन दिवस कुजबुज झाली. शेवटी दाखवले. त्यांनी तो तीनदा पाहिला. जोत्याविषयी, दाराविषयी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी नातवाला पडदा थांबवायला लावला, धुराड्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या की धूर काळा येतो आहे, चिपाडे ओलीच जाळत आहेत, अशाने पाक वेळेवर येणार नाही. मामाला फोन लावून त्या लोकांना सांगायला सांग, सुमेर्से.